लिहिण्याचा हक्क कोणाला?

सॉफ्टवेअर लिहिणारा आणि तपासणारा माणूस आपल्या संगणकावर बहुधा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतो. ते रोज वापरणारा बहुधा नसतो. बँकेच्या काउंटरवरचे क्लार्क, हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीमागची मुलगी, कॉलेजच्या लॅबमधले विद्यार्थी यांच्या हाती साधं युजर खातं असतं आणि ते तसंच असायला हवं. म्हणून तपासताना व्यवस्थित चाललेला प्रोग्राम ऑफिसात पोचला की अडून बसतो. सेटिंग सेव्ह होत नाही, रिपोर्ट निघत नाही, पडद्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. वापरणारा फोन करतो आणि पलीकडून हमखास एक सल्ला मिळतो: त्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाका. दोन मिनिटांत प्रोग्राम सुरू होतो आणि सगळे कामाला लागतात.

हाच सल्ला कोणीतरी इन्स्टॉलरच्या पॅकेजमध्ये कायमचा घालून ठेवतो, तेव्हा तो एका संगणकापुरता राहत नाही. पॅकेज जिथे जिथे जाईल तिथे ते फोल्डर उघडं पडतं. संगणक दहा असोत की दहा हजार, निर्णय एकदाच झालेला असतो आणि तो घेणारा पॅकेजर त्यातल्या एकाही संगणकापुढे कधी बसणार नसतो. पॅकेजिंगच्या कामात परवानग्यांइतकी दुर्लक्षित आणि तितकीच जबाबदारीची दुसरी बाब मला दिसत नाही.

हा तिढा आला कुठून, ते आधी पाहू. मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी ३.१ जुलै १९९३मध्ये बाजारात आलं. त्यासोबत आलेल्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत प्रत्येक फाइल आणि फोल्डरला स्वतःची परवानगी-यादी होती: कोणी वाचायचं, कोणी लिहायचं, कोणी पुसायचं. पण घराघरांत आणि छोट्या ऑफिसांत पसरलं ते १९९५चं विंडोज ९५. त्याच्या फॅट व्यवस्थेत अशी यादीच नव्हती. संगणकापुढे बसेल तो सगळ्याचा मालक. त्या काळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एक सवय लागली. प्रोग्राम जिथे बसवला, त्याच फोल्डरात त्याची सेटिंग, डेटा आणि लॉगही ठेवायचा. २००१च्या विंडोज एक्सपीत हे दोन प्रवाह एकत्र आले. परवानग्या घरी पोचल्या खऱ्या, पण इन्स्टॉल करताना तयार होणारी खाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचीच असायची, त्यामुळे जुनी सवय कोणाला टोचली नाही.

ती टोचली २००७च्या सुरुवातीला, विंडोज व्हिस्टा आलं तेव्हा. आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे प्रोग्रामही एरवी साध्या युजरच्याच हक्कांनी चालू लागले, विशेष काम असेल तेव्हा तेवढी संमती विचारली जाऊ लागली. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिणारे जुने प्रोग्राम एका झटक्यात बंद पडू नयेत म्हणून मायक्रोसॉफ्टने एक आडवाट काढली. ३२ बिटांचा जुना प्रोग्राम तिथे लिहायला गेला, तर ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या स्वतःच्या फोल्डरातल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या जागी वळवायचं. प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहिलं. ही सोय तात्पुरती म्हणूनच दिलेली होती. ६४ बिटांच्या प्रोग्रामना ती लागू नाही आणि आपल्याला कोणते हक्क लागतात हे मॅनिफेस्टमध्ये सांगणाऱ्या प्रोग्रामनाही नाही. शिवाय तिच्यामुळे एक चमत्कारिक तक्रार जन्माला आली. एकाच संगणकावर सकाळच्या पाळीतल्या माणसाने दरपत्रक बदललं, तर संध्याकाळच्या पाळीतल्याला जुनेच दर दिसायचे, कारण दोघांच्या प्रती दोन निरनिराळ्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये. फाइल उघडून पाहणाऱ्या सपोर्टवाल्याला तिसरीच प्रत दिसायची.

आता ती परवानगी-यादी जवळून पाहू. प्रत्येक फाइलला एक मालक असतो आणि एक यादी असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: कोणाला, काय करायला, आणि हो की नाही. ‘कोणाला’च्या जागी विंडोज नाव ठेवत नाही, एक ओळख-क्रमांक ठेवतं. उदाहरणार्थ साध्या ‘युजर्स’ गटाचा क्रमांक जगातल्या प्रत्येक विंडोजवर एस-१-५-३२-५४५ असाच असतो आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’चा एस-१-५-३२-५४४. ‘काय करायला’ हा एक आकडा असतो, त्यातला एकेक बिट म्हणजे एकेक हक्क. फाइलवरचा ‘फुल कंट्रोल’ सोळाच्या पायात १एफ०१एफएफ असा लिहितात, आणि त्याच्या खालचा ‘मॉडिफाय’ १३०१बीएफ असा. वजाबाकी करून पाहिली तर नेमके तीन बिट उरतात. पहिला, परवानगी-यादीच बदलण्याचा हक्क. दुसरा, मालकी स्वतःकडे घेण्याचा. तिसरा, फोल्डरातल्या फाइलची स्वतःची यादी काहीही म्हणो, ती पुसून टाकण्याचा. वाचणं, लिहिणं, नवी फाइल तयार करणं, नाव बदलणं, पुसणं हे सगळं ‘मॉडिफाय’मध्ये आलेलंच आहे. साध्या युजरला ते उरलेले तीन बिट लागतील असा प्रोग्राम मला तरी ठाऊक नाही. तरीही पॅकेजांत ‘फुल कंट्रोल’ सर्रास दिसतो, कारण तो यादीत सगळ्यात वर असतो आणि त्यावर टिक केली की खालच्या बहुतेक चौकटी आपोआप भरतात.

यादी अजिबात नसणं आणि यादी रिकामी असणं यांतला फरकही पॅकेजरला तोंडपाठ हवा. यादीच नसेल तर विंडोज सगळ्यांना सगळं करू देतं. यादी आहे पण तिच्यात एकही नोंद नाही, तर कोणालाच काही करता येत नाही. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच ‘काही ठरवलेलं नाही’ असे वाटतात आणि परिणाम मात्र दोन टोकांचे होतात.

बहुतेक परवानग्या आपण लिहीतच नाही, त्या वरच्या फोल्डरकडून वारशाने येतात. प्रोग्राम फाइल्सखाली काहीही बसवलं की युजर्सना वाचायचा आणि चालवायचा हक्क मिळतो, लिहायचा मिळत नाही. ही मायक्रोसॉफ्टने आखून दिलेली सुरक्षित जागा आहे. त्याउलट सी ड्राइव्हच्या थेट मुळाशी नवं फोल्डर काढून प्रोग्राम तिथे बसवला, तर विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत लॉग-इन केलेल्या प्रत्येकाला त्यात ‘मॉडिफाय’ मिळतो. हिशेबाचे, लायब्ररीचे, दवाखान्याचे कितीतरी जुने प्रोग्राम याच कारणाने सी ड्राइव्हच्या मुळाशी बसतात. तिथे तक्रार येत नाही. तक्रार येत नाही म्हणून कोणी पुन्हा त्याकडे पाहत नाही.

त्यात बिघडलं काय? बिघडतं ते एवढंच की ज्या फोल्डरातून प्रोग्राम चालतो, त्यातच कोणालाही लिहिता येतं. एखाद्या कर्मचाऱ्याने ईमेलमधली खोटी फाइल उघडली आणि त्याच्या खात्यात घातक प्रोग्राम शिरला, तर एरवी तो त्या खात्यापुरता राहतो. पण उघड्या फोल्डरातली डीएलएल फाइल त्याला बदलता आली, तर उद्या जो कोणी तो प्रोग्राम उघडेल त्याच्या हक्कांनी ती बदललेली डीएलएल चालेल. तो उद्याचा माणूस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असू शकतो. त्याहून वाईट स्थिती विंडोज सर्व्हिसची. बऱ्याच सर्व्हिस ‘लोकलसिस्टिम’ (थोडक्यात ‘सिस्टिम’) या सर्वशक्तिमान खात्यात चालतात. अशा सर्व्हिसची एक्झी फाइल साध्या युजरला बदलता येत असेल, तर संगणक पुढच्या वेळी सुरू होताच साधा युजर त्या संगणकाचा मालक झाला. हल्ल्यांच्या पद्धतींची नोंद ठेवणाऱ्या मायटर संस्थेच्या अटॅक सूचीत सर्व्हिसच्या फाइलवरच्या ढिल्या परवानग्यांना आणि सर्व्हिसच्या रजिस्ट्रीवरच्या ढिल्या परवानग्यांना वेगवेगळी कलमं आहेत, इतकं हे नित्याचं झालं आहे.

म्हणून मी एकच नियम पॅकेजरपुढे ठेवतो: युजर जिथे लिहू शकतो तिथून काही चालू नये, आणि जिथून काही चालतं तिथे युजरला लिहिता येऊ नये. बाकी सगळं तांत्रिक तपशील आहे. एमआयटीतले जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५मध्ये संगणकातल्या माहितीच्या संरक्षणावर जो निबंध लिहिला, त्यात कामापुरतेच हक्क द्यायचे आणि सांगितलं नसेल तर नाही धरायचं, ही दोन्ही तत्त्वं स्पष्ट मांडली होती. दूधवाल्याला पिशवी अडकवायला दाराची कडी पुरते, त्यासाठी त्याच्या हाती घराची किल्ली कोणी देत नाही. इन्स्टॉलर मात्र रोज देतात.

मग कडी कुठली ते शोधायचं कसं? अंदाजाने नाही. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर हे साधन या कामात रोजच्या वापराचं आहे. ते चालू करायचं, साध्या युजरच्या खात्यात प्रोग्राम उघडायचा आणि निकालाच्या रकान्यात ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असलेल्या ओळी तेवढ्या गाळून घ्यायच्या. पडद्यावर एकामागून एक ओळी येतात: अमुक फोल्डरातली आयएनआय फाइल, तमुक रजिस्ट्री की, फाँटचं फोल्डर, पुन्हा तीच आयएनआय. नवखा पॅकेजर इथे चुकतो, कारण तो दिसेल त्या प्रत्येक ओळीला परवानगी देत सुटतो. प्रत्येक ओळीच्या तपशिलात नेमका कोणता हक्क मागितला होता तेही लिहिलेलं असतं. ते वाचलं की दिसतं, पुष्कळ प्रोग्राम नुसतं वाचायचं असतानाही सगळे हक्क मागून बसतात, नकार आला की मुकाट वाचण्यापुरते मागतात आणि पुढे जातात. लगेच खालच्या ओळीत त्याच फाइलवर ‘सक्सेस’ दिसलं तर तिथे काहीच करायची गरज नाही. ज्या नकारानंतर प्रोग्राम खरोखर थांबतो, असे नकार शेवटी एक-दोनच निघतात. पूर्ण फोल्डर उघडायला निघालेल्या पॅकेजला प्रत्यक्षात एका आयएनआय फाइलवरचा ‘मॉडिफाय’ पुरतो, हे इतक्या वेळा खरं ठरतं की न तपासता फोल्डर उघडणं मला बेजबाबदारपणाचंच वाटतं.

रजिस्ट्रीत हेच थोडं वेगळ्या रूपात येतं, आणि तिथे एक फसवी जागा आहे. परवानगी ‘की’वर बसते, तिच्यातल्या एकट्या ‘व्हॅल्यू’वर बसवता येत नाही. समजा प्रोग्रामने एकाच कीखाली तीन गोष्टी ठेवल्या आहेत: खिडकीची रुंदी, अपडेट जिथून घ्यायचे तो पत्ता आणि प्लगइनच्या डीएलएलचा मार्ग. खिडकीची रुंदी सेव्ह होत नाही म्हणून युजर्सना त्या कीवर लिहायचा हक्क दिला, की बाकीच्या दोन्हीही त्यांच्या हाती गेल्या. आता डीएलएल प्रोग्राम फाइल्समध्ये कितीही सुरक्षित असो, कुठली डीएलएल उचलायची हेच कोणीही बदलू शकतं. असं दिसलं तर पॅकेजरने प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे जाऊन सांगावं की खिडकीची रुंदी प्रत्येक युजरच्या स्वतःच्या रजिस्ट्रीत न्या, ती तिथलीच गोष्ट आहे. ते शक्य नसेल तर निदान वेगळी उप-की मागावी. परवानगीचे बरेच प्रश्न खरं तर मांडणीचे असतात आणि ते मांडणीनेच सुटतात.

परवानगी द्यायचीच ठरली, तर विंडोज इन्स्टॉलरच्या एमएसआय पॅकेजमध्ये ती लिहायचे दोन अधिकृत मार्ग आहेत. जुना मार्ग म्हणजे ‘लॉकपरमिशन्स’ नावाचं टेबल. त्यात वस्तू, गट आणि हक्काचा आकडा लिहायचा. त्याचा स्वभाव माहीत नसलेल्याला ते हमखास अडचणीत आणतं, कारण ते आधीच्या यादीत भर घालत नाही, आधीची यादी काढून टाकून स्वतःची बसवतं. वारसाही तुटतो. युजर्सची एकच ओळ लिहिली तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सही यादीतून बाहेर जातात. पुढचं अपडेट आलं की त्याला स्वतःच्याच फाइलला हात लावता न येण्याचा धोका असतो. म्हणून इथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिमच्या ओळी आपण स्वतः लिहायच्या असतात.

दुसरी अडचण नावांची. पुण्यातल्या किंवा बंगळुरूच्या टीमने बनवलेलं पॅकेज जर्मनीतल्या ऑफिसात गेलं, की तिथल्या विंडोजवर ‘युजर्स’ नावाचा गटच नसतो, तो ‘बेनुत्सर’ असतो. इन्स्टॉलर १६०९ क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. ‘एव्हरीवन’ आणि ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ ही दोन इंग्रजी नावं मात्र हे टेबल कुठल्याही भाषेच्या विंडोजवर ओळखतं, त्यामुळे ‘युजर्स’ चालेना म्हणून ‘एव्हरीवन’ टाकायचा मोह होतो. त्यात पाहुण्याचं ‘गेस्ट’ खातंही येतं.

दोन्ही दुखण्यांवर इलाज आला तो विंडोज ७ सोबत २००९मध्ये, विंडोज इन्स्टॉलर ५.० मधल्या नव्या टेबलाच्या रूपाने. त्याचं नाव ‘एमएसआय लॉकपरमिशन्स ईएक्स’. यात संपूर्ण परवानगी-यादी एसडीडीएल नावाच्या संक्षिप्त लिपीत एका ओळीत लिहितात. तिथे युजर्स गट ‘बीयू’ या दोन अक्षरांनी येतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ‘बीए’ आणि सिस्टिम ‘एसवाय’, त्यामुळे संगणकाची भाषा कुठलीही असली तरी फरक पडत नाही. फोल्डरवरचा हक्क आतल्या फाइलींना आणि उप-फोल्डरांना लागू करायचा की नाही, वरचा वारसा ठेवायचा की तोडायचा, हेही त्याच ओळीत सांगता येतं. लिपी पहिल्यांदा भयंकर दिसते, पण आठवडाभर वापरली की वाचता येते. एकाच पॅकेजमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही टेबलं ठेवली तर इन्स्टॉलेशन १९४१ क्रमांकाच्या चुकीने फसतं. ‘मर्ज मॉड्यूल’ जोडताना हे नकळत होतं, तेव्हा ते आधी तपासावं. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००४मध्ये मुक्तस्रोत केलेल्या विक्स या साधनात दोन्ही टेबलांची सोय आहे. त्याशिवाय आधीची यादी जशीच्या तशी ठेवून तिच्यात एक नोंद वाढवणारा तिसरा मार्गही आहे. मी बहुतेक कामांसाठी तोच निवडेन.

आणि मग तो सर्वांचा आवडता शॉर्टकट: पॅकेजच्या शेवटी एक कमांड चालवायची. जुन्या ‘कॅकल्स’ कमांडला संपादनाचा पर्याय दिला नाही तर तीही सगळी यादी पुसून नवी लिहिते, आणि त्याआधी ‘खात्री आहे का’ विचारून उत्तराची वाट पाहत बसते. रात्री दूरवरून शांतपणे बसवल्या जाणाऱ्या पॅकेजमध्ये उत्तर देणार कोण? म्हणून लोक तिला आधीच ‘वाय’ पुरवून ठेवत. जर्मन विंडोजला मात्र ‘जे’ हवा असतो, आणि पॅकेज तिथे अडकून राहतं. नवी ‘आयकॅकल्स’ बरीच शहाणी आहे. तिला नावाऐवजी तारांकन लावून थेट ओळख-क्रमांक देता येतो. पण कुठलीही कमांड इन्स्टॉलरच्या नजरेआड चालते. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर फसून मागे फिरलं तर तिने केलेला बदल मागे फिरत नाही.

आता प्रोग्रामडेटा या फोल्डरविषयी सावकाश बोलायला हवं, कारण जाणकारही इथे ठेच खातात. सगळ्या युजर्सचा सामायिक डेटा इथे ठेवावा असं मायक्रोसॉफ्ट सांगतं, आणि ते योग्यच आहे. इथे युजर्सना नवी फाइल तयार करता येते. पण फाइल तयार करणारा तिचा मालक होतो, तिच्यावर पूर्ण हक्क त्याचाच, आणि इतरांना फक्त वाचता येतं. आता एक ग्रंथालय डोळ्यांपुढे आणा. सकाळी पहिल्या कर्मचाऱ्याने प्रोग्राम उघडला, देवघेवीची डेटाबेस फाइल त्याच्या नावे तयार झाली. दुपारी दुसरी कर्मचारी आली, तिला यादी दिसते, पुस्तकं सापडतात, पण नोंद करायला गेलं की नकार. टेस्ट करणाऱ्याने एकाच खात्याने तपासलं असेल तर ही चूक त्याला जन्मात दिसणार नाही. उपाय सोपा आहे: ते उप-फोल्डर पॅकेजनेच तयार करावं आणि त्यावर युजर्सना आतल्या फाइलींपर्यंत पोचणारा ‘मॉडिफाय’ द्यावा. त्यात फक्त डेटा असावा. एक्झी, डीएलएल, स्क्रिप्ट काहीही नसावं.

याची उलट बाजू जास्त गंभीर आहे. प्रोग्रामडेटात कोणीही फोल्डर काढू शकत असल्याने, तुमच्या प्रोग्रामचं फोल्डर तुमच्या आधीच कोणीतरी काढून ठेवू शकतं. मालक तो. मालकाला परवानगी-यादी बदलायचा हक्क आपोआप असतो. नंतर तुमची सर्व्हिस सिस्टिमच्या ताकदीने त्याच फोल्डरातून अपडेट उचलून चालवू लागली, तर तुम्ही त्याच्या घरात राहायला गेलात. म्हणून सर्व्हिस वापरणार असलेल्या फोल्डरवर वारसा तोडून संपूर्ण यादी आणि मालक दोन्ही स्पष्ट लिहावे लागतात. इथे आधीच्या यादीत नुसती नोंद वाढवणारा मार्ग चालत नाही, पूर्ण यादी बदलणाराच हवा.

तपासणीचं म्हणाल तर माझा क्रम असा. पॅकेज सिस्टिम खात्यातून बसवायचं, कारण कंपन्यांत ते तसंच बसवलं जातं. मग एका साध्या युजरने प्रोग्राम वापरायचा, लॉग-आउट करून दुसऱ्याने. मग पॅकेज ‘रिपेअर’ करून पुन्हा दोघांनी, कारण रिपेअरनंतर परवानग्या गेल्या असं होतं. शेवटी सिसइंटर्नल्समधलंच अ‍ॅक्सेसचेक चालवून प्रोग्राम फाइल्सखाली आणि सर्व्हिसच्या कींखाली युजर्सना लिहिता येईल असं काय उरलं आहे याची यादी काढायची. ती रिकामी यायला हवी. नसेल, तर उरलेल्या प्रत्येक ओळीचं कारण पॅकेजच्या कागदपत्रांत लिहून ठेवायचं, म्हणजे दोन वर्षांनी नवी आवृत्ती बांधणाऱ्याला ती परवानगी ठेवायची की काढायची हे ठरवता येतं.

२०१८मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसआयएक्स हा नवा पॅकेज-प्रकार आणला, त्यात प्रोग्रामचं फोल्डर वापरणाऱ्यांसाठी मुळातच बंद असतं. जुना प्रोग्राम तिथे लिहायला गेला तर त्याचं लिखाण युजरच्या फोल्डरात वळवणारी एक जोडणी पॅकेजमध्ये घालता येते आणि नेमक्या कोणत्या फाइली वळवायच्या हे तिला सांगावं लागतं. त्या फाइलींची यादी काढायला आजही प्रोसेस मॉनिटरच उघडावं लागतं आणि साध्या युजरच्या खात्यात प्रोग्राम चालवून नकारांच्या ओळी वाचाव्या लागतात.